मागच्या डाव्या चाकाची गुरगुर आणि कुंभार पिंपळगावचा रविवार

शुक्रवारी संध्याकाळी शीतलचा फोन आला आणि मी निघायचं ठरवलं. ती एवढंच म्हणाली, "अण्णा रविवारी दुपारपर्यंत थांबतो म्हणलेत. त्याच्यानंतर पुण्याच्या स्थळाला होकार कळवणार. तू आवाज बंद करून ये, बाकीचं मी बघते."

कसला आवाज, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्या घरी एक पांढरी, चार दारांची छोटी गाडी आहे. माझ्यापेक्षा एक वर्षानं मोठी. पप्पांनी ती मला देऊन टाकली, कारण दुसरं कुणी घेईना. तीच घेऊन मी दिवाळीत भोकरदनहून शीतलच्या गावाला, कुंभार पिंपळगावला गेल्तो. शीतल आणि मी जालन्याला डिप्लोमाला एका वर्गात होतो. तिनं तो पहिल्या वर्गात पूर्ण केला. मी दुसऱ्या वर्षी वर्कशॉपच्या सरांशी भांडून दप्तर उचललं ते परत गेलोच नाही. आता भोकरदनमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायच्या कारखान्यात कामाला आहे.

तर दिवाळीत मी अण्णांना, म्हणजे शीतलच्या वडिलांना, बाजारापर्यंत गाडीतून सोडलं. अण्णांनी तेहतीस वर्षं एसटी चालवली. गाडीत बसल्यावर ते डोळे मिटून बसले. मला वाटलं, झोपले. उतरताना म्हणाले, "मागचं डावं. बेअरिंग गेलंय. किती दिवस झाले गुरगुरायला?"

मी म्हणालो, "जुनी गाडी आहे अण्णा, थोडा आवाज असतोच."

"जुनी असती म्हणून कुणी गुरगुरत न्हाई. माझं वय बघ." मग दार लावताना म्हणाले, "या गाडीत माझी पोरगी बसणार न्हाई. आधी हे नीट कर. नीट झालं तर तुझ्याच गाडीत बसून तुमचं घर बघायला येऊ. न झालं तर येतच न्हाई."

मुलीकडच्यांनी घर बघायला येणं म्हणजे काय, हे आपल्याकडं सांगायची गरज नाही. ते आले तर बोलणी पुढं सरकली. न आले तर संपलं. माझं सगळं आयुष्य त्या चाकावर येऊन बसलं होतं. आणि खरं सांगायचं तर राग मला चाकाचा नव्हताच. ते बेअरिंग मीच उन्हाळ्यात नवं टाकलं होतं, माझ्या हातानं, जालन्याच्या सलीमचाचांच्या दुकानातून आणून. सहा महिन्यांत गेलं! म्हणजे माल डुप्लिकेट. डोक्यात हेच बसलं होतं आणि तेच घेऊन मी निघालो.

शनिवार सकाळ : भोकरदन ते जालना

सकाळी सातला टाकी भरली आणि निघालो. हा रस्ता करणाऱ्यांसाठी : भोकरदन ते राजूर रस्ता ठीक आहे, मध्ये दोन-तीन ठिकाणी खरवडलेला आहे, तिथं मोटारसायकलवाल्यांनी जपून. राजूरच्या पुढं सरळ आणि मोकळा. कापूस वेचायला निघालेल्या बायांच्या रिक्षा सकाळी भरपूर असतात आणि त्या कुठंही थांबतात. राजूरला देवळाच्या पायथ्याशी पोहे खाल्ले, वीस रुपये प्लेट, वर शेव आणि तळलेली मिरची. मिरची मागून घ्या, आपोआप देत नाहीत.

राजूरच्या पुढं रस्ता रिकामा बघून मी अण्णांचं म्हणणं तपासलं. तुमच्याही गाडीला असा आवाज असेल तर हे करून बघा. चाळीसच्या वेगात, मागंपुढं कुणी नसताना, स्टेअरिंग अलगद उजवीकडं न्या, मग डावीकडं. उजवीकडं वळवलं की गाडीचं वजन डाव्या चाकावर पडतं. आवाज तेव्हा वाढला तर डावं चाक दोषी. टायरचा आवाज असेल तर फारसा बदलत नाही. माझ्या गाडीनं उजवीकडं वळताच असा घशातून आवाज काढला की रस्त्याकडेला थांबलेला एक मोटारसायकलवाला मान वळवून बघायला लागला. मागचं डावंच. म्हातारा डोळे मिटून बरोबर बोलला होता.

साडेनऊला जालन्यात. नव्या जालन्यात स्पेअरपार्टच्या दुकानांची एक अख्खी गल्ली आहे. गाडी लांब लावा, आत हातगाड्यांमुळं वळवता येत नाही. सलीमचाचांचं दुकान म्हणजे आठ फूट रुंद आणि न संपणारं खोल. चाचा साठीचे, डोळ्यावर जाड चष्मा, बोटं कायम ग्रीसनं काळी. काउंटरवर चार गिऱ्हाईकं उभी होती. मी मागूनच सुरू केलं.

"चाचा, सहा महिन्यांत बेअरिंग गेलं! डुप्लिकेट माल विकता, लाज न्हाई वाटत का?"

गिऱ्हाईकं वळली. एकजण हातातली क्लच वायर तशीच धरून बघत राहिला. चाचांनी चष्मा वर केला. "बेटा, आवाज थोडा खाली. बिल आणलं का?"

"बिल घरी आहे. माझं आयुष्य चाललंय आणि तुम्ही बिल मागता?"

"बरं, बिल राहू दे. फिट कुणी केलं?"

"मी केलं."

"नट कसा कसला होता?"

इथं माझं टाळकं फिरलं. "मला नट शिकवू नका. मी रोज चार ट्रॉल्यांची चाकं खोलतो."

चाचांनी चष्मा परत डोळ्यावर घेतला. "ट्रॉल्यांची," ते म्हणाले, नुसतंच, जसं आपण एखादा पत्ता परत उच्चारतो तसं. मग स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरून तीन प्रकारच्या पेट्या काढल्या. माझा राग तसाच, पण मी बघत राहिलो. चाचांनी दाखवलं ते इथं लिहितो, कारण हे कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल.

पहिली पेटी दीडशेची. चकचकीत. चाचांनी बेअरिंगवरच्या नंबरावर अंगठा घासला, अंगठा निळा झाला. "छापलेला आहे. खरा नंबर कोरलेला असतो, नखाला लागतो." दुसरी पेटी तीनशेची, नंबर कोरलेला, पण दोन्ही बाजू उघड्या, आतले गोळे दिसतात. "चालेल. ग्रीस तू भरायचं, धूळ तू सांभाळायची." तिसरी चारशे वीसची. दोन्ही बाजूंना रबराचं झाकण, ग्रीस आतच भरलेलं. हातात धरून फिरवलं तर जड, लोण्यातून फिरल्यासारखं, आणि आवाज काही नाही. पहिलं तेवढंच फिरवलं तर भिंगरीसारखं गर्रर्र फिरत राहिलं. "जास्त फिरतं म्हणून लोक तेच घेतात," चाचा म्हणाले. "जास्त फिरतं म्हणजे आत काही न्हाई."

एका चाकात दोन बेअरिंग असतात, आतलं आणि बाहेरचं. चाचा म्हणाले, एका बाजूचं गेलं की दोन्ही बाजूंचं बदल. म्हणून चार घेतली. शिवाय दोन ऑईल सील, दोन स्प्लिट पिना (नट फिरू नये म्हणून आरपार घालायच्या या पिना परत वापरू नका, दहा रुपयांसाठी चाक घालवू नका), ग्रीसचा डबा. दोन हजाराच्या आत बसलं. चाचांनी सगळं उर्दू पेपरात गुंडाळलं आणि म्हणाले, "बसवताना नट कसायच्या आधी मला फोन कर."

"करणार न्हाई," मी म्हणालो आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानात का नाही गेलो? पेट्या बघून झाल्यावर, पैसे द्यायच्या आधी, गेलो होतो. दोन दुकानांत माझ्या गाडीचं बेअरिंगच नव्हतं आणि तिसऱ्यात अंगठा निळा झाला.

शनिवार दुपार : अंतरवाली सराटी

जालना ते अंबड रस्ता चांगला आहे, पाऊण तासात पोचतो. अंबडच्या पुढं वडीगोद्रीकडं जाताना दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा, आणि रस्त्याकडेला ढीग लावून विकतात. घ्या. पन्नास रुपयांत पिशवी भरते. पण मला काही गोड लागत नव्हतं, कारण साठच्या वर गेलं की डाव्या चाकातून आता हुंकार नाही, खरखर येत होती. चाळिसानं चाललो. उसाच्या ट्रॉल्यांनीसुद्धा मला मागं टाकलं. एका ट्रॅक्टरवाल्यानं वाकून विचारलं, "ढकलू का पाव्हणं?"

अंतरवालीत माझी मोठी बहीण दिलेली आहे. दाजींचं चौकाजवळ ट्रॉल्यांच्या चाकाचं आणि वेल्डिंगचं दुकान आहे. म्हणून तर तिथं काम करायचं ठरवलं होतं. पाना, जॅक, शिकंजा, सगळं हाताशी. गाडीचा आवाज चौकातूनच ऐकून दाजी रस्त्यावर येऊन उभे राहिले होते.

"या इंजिनेर साहेब! मला वाटलं पिठाची गिरणी घेऊन येऊन राह्यला."

"दाजी, उद्या दुपारच्या आत झालं पाहिजे."

"माहीत आहे. ताईला सगळं माहीत आहे, म्हणून चौकाला बी माहीत आहे." चहाच्या टपरीवरची तीन-चार माणसं माना हलवत हसली. "आधी जेव. उपाशी माणसाच्या हातून नटाचे आटे जातात."

बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. ताईनं वाढता वाढता विचारलं, "ती कशी आहे रे?" मी म्हणालो, "हुशार आहे." ताई म्हणाली, "मग तुला का होकार दिला?" घरचे लोक बाहेरच्यापेक्षा जास्त मारतात.

जेवतानाच मी नवी बेअरिंगं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ताईच्या फ्रीजच्या वरच्या खणात, बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवली. थंडीनं लोखंड केसभर आक्रसतं आणि बसवायला सोपं जातं. ताई म्हणाली, "त्याच्या खाली माझं लोणी आहे, ग्रीसचा वास लागला तर तुझं लग्न मीच मोडीन."

मग काम. पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला (मागचं चाक काढायचं तर हँडब्रेक ओढलेला ठेवून चालत नाही, तो मागच्याच चाकाच्या ब्रेक ड्रमला पकडतो). गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल केले, मग जॅक, मग खाली लाकडी ठोकळा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून हात आत घालू नका. चाक काढलं. मधली पत्र्याची टोपी काढली, पिन सरळ करून ओढली, खाचांचा मोठा नट दिसला.

तो नट हातानं फिरला. म्हणजे पान्याला जोरच लागला नाही.

"बघा," मी दाजींना म्हणालो, "माल किती हलका, नट आपोआप सैल झाला."

दाजींनीही मान हलवली. ड्रम अडकून बसला होता. त्याच्या दोन रिकाम्या छिद्रांत दोन बोल्ट आळीपाळीनं कसत गेलो, मग तो टक् करून सुटला. आतून पंचानं गोल फिरत ठोकत जुनी बेअरिंगं काढली. दोन्हींच्या मध्ये एक लोखंडी नळी असते, बोटभर लांब, ती हरवू नका. बाहेरचं बेअरिंग फिरवलं तर वाळू दळल्यासारखं. ज्या दांड्यावर ते बसतं त्याच्यावर गोल गोल चकाकी उमटली होती.

नवी फ्रीजमधून काढली, ड्रम उन्हात तापलेला होताच. जुन्या बेअरिंगचं नुसतं बाहेरचं कडं नव्याच्या वर ठेवून त्याच्यावर हातोडी मारली, म्हणजे मार फक्त बाहेरच्या कड्यावर बसतो. आतल्या कड्यावर मारलं तर नवं बेअरिंग तिथंच मेलं. आधी आतलं, मग नळी, मग बाहेरचं, सील. दोनच्या सुमाराला डावं बसलं. ड्रम चढवला, वायसर, नट. पान्यानं घट्ट आवळला आणि मग, रोज करतो तसा, पाव चक्कर मागं सोडला.

"बराबर," दाजी म्हणाले. "आवळायचं आणि पाव सोडायचं. आमच्या वडिलांपासून हेच."

चाक चढवलं. मी वर आणि खाली हात धरून हलवलं. टक् टक्.

नवं बेअरिंग आणि हलतंय! मी पान्याला लाथ मारली, तो चौकात गेला. टपरीवरून आवाज आला, "काय झालं रं?" मी तोंडातोंडात चाचांना, दुकानाला, अख्ख्या गल्लीला शिव्या घातल्या. दाजींनी शांतपणे पाना उचलून आणला आणि विचारलं, "दुकानदारानं काय सांगितलं होतं?"

"फोन कर म्हणाला होता."

"मंग?"

"न्हाई करणार."

"न्हाई कर. पुण्याच्या स्थळाचे पेढे मी आणून देईन तुला."

मी फोन लावला. स्पीकरवर. चाचा फोनवर पण तेवढेच शांत. "बोल बेटा. नट किती कसला?"

"घट्ट आवळून पाव चक्कर मागं."

 पलीकडून हसू आलं, म्हाताऱ्याचं, खोकल्यासकट. "सुबह ही समजलो होतो. तू ट्रॉली म्हणाला तेव्हाच. बेटा, ट्रॉलीच्या बेअरिंगमध्ये रोलर तिरके असतात, तिथं मागं सोडायचंच, न्हाईतर जळतं. तुझ्या गाडीत गोल गोळे आहेत आणि मध्ये नळी आहे. नट बेअरिंगला दाबत न्हाई, नळीला दाबतो. पूरा कस. जितका हात आहे तितका कस. सैल ठेवला तर आतलं कडं दांड्यावर फिरतं आणि दोघं मरतात. दांडा बघितला का? चमकतो?"

मी दांडा बघितला होता. चमकत होता. नट हातानं का फिरला, तेही त्या क्षणी कळलं. माल डुप्लिकेट नव्हता. उन्हाळ्यात मीच तो सैल ठेवला होता, अभिमानानं, रोजच्या सवयीनं. आणि सकाळी चार गिऱ्हाइकांसमोर त्या माणसाची लाज काढली होती.

"चाचा, ते उन्हाळ्यात..." मी सुरू केलं, तेवढ्यात तेच पुढं बोलायला लागले.

"पहले बेअरिंग दांड्यावर सरकवून बघ. हातानं जातं पण डुगडुगत न्हाई, तर तुझं नशीब. डुगडुगलं तर दांडा बदल."

ड्रम परत काढला. दांड्यावरची चकाकी बारीक पॉलिश पेपरनं पुसली, जुन्या बेअरिंगचं आतलं कडं सरकवून बघितलं. गेलं. डुगडुगलं नाही. दाजींनी देवाचं नाव घेतलं. पुन्हा सगळं चढवलं आणि या वेळी पान्याला चार फुटांचा पाईप लावला. मी लोंबकळलो. दाजी म्हणाले, "बाजूला हो," आणि स्वतः पाईपवर दाब देत गेले, दाजींचं वजन नव्वदच्या वर आहे. नट कर्र करून शेवटच्या खाचेपर्यंत गेला. नवी पिन, टोपी. वर-खाली धरून हलवलं.

काही नाही. डोंगर हलवावा तसं. चाकाला हातानं फिरकी दिली, ते फिरत राहिलं आणि त्याचा आवाज आला नाही. टपरीवरचा एक म्हातारा उठून आला, कान चाकाला लावला आणि म्हणाला, "फिरून राह्यलंय का थांबलंय?"

उजवं चाक त्याच पद्धतीनं तासाभरात झालं. दिवस मावळायच्या आत हायवेपर्यंत चक्कर मारून आलो. ऐंशीला गेलो. दाजी शेजारी बसून म्हणाले, "साला, आता तुझ्या गाडीत तुझंच डोकं तेवढं वाजतंय."

रविवार : कुंभार पिंपळगाव

सकाळी आठला निघालो, तीर्थपुरीमार्गे. हा रस्ता उसाच्या दिवसांत सकाळीच करा. नंतर ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि पडलेल्या उसावरून चाक घसरतं. पिकांचं सांगायचं तर सोयाबीन निघालंय, रानं मोकळी, हरभरा नुकता उगवलेला. काच उघडी ठेवून चाललो. कितीतरी महिन्यांनी मला माझ्याच गाडीतून पाखरं ऐकू येत होती.

अण्णा ओट्यावर बसून होते. "आला का?" म्हणून उठले, चप्पल घातली आणि सरळ माझ्याच बाजूच्या दाराशी आले. "सरक तिकडं."

त्यांनी गाडी घेतली. तेहतीस वर्षांचा ड्रायव्हर छोट्या गाडीतही पाठ ताठ करून, दोन्ही हातांनी मोठं स्टेअरिंग धरल्यासारखा बसतो. तीर्थपुरीच्या रस्त्यावर दहा किलोमीटर गेले, वळवली, दहा किलोमीटर परत. काचा बंद. उजवीकडं झोल, डावीकडं झोल. मी मागच्या चाकांकडं कान लावून. घरापाशी थांबून ते उतरले, वाकले आणि मागच्या चाकाच्या टोपीला तळहाताची मागची बाजू लावली. आधी डावं, मग उजवं. परत डावं. बेअरिंग आवळून चाललं असेल तर तिथं चटका बसतो.

"सारखंच कोमट," ते म्हणाले. मग कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं. "पहिलं का गेलं होतं? सहा महिन्यांत जात न्हाई बेअरिंग."

दारात शीतल उभी होती, तिच्या मागं तिची आई. माझ्या जिभेवर तयार उत्तर होतं, दीड दिवस घोकलेलं : माल डुप्लिकेट निघाला. ते उत्तर कुणाला खोटं वाटलंही नसतं. आणि खरं सांगितलं तर मी कसला कारागीर हे उघडं पडणार, कॉलेज सोडून जे काम धरलं तेसुद्धा येत नाही म्हणून.

"माझ्यामुळं गेलं," मी म्हणालो. "ट्रॉलीसारखा नट सैल ठेवला. माझी चूक. आणि वर दुकानदाराला चार लोकांत डुप्लिकेट म्हणालो."

अण्णांनी कंबरेवरचे हात खाली घेतले. शीतलनं ओढणी नीट केली. मला वाटलं संपलं.

"कुठला दुकानदार?"

"जालन्याचे सलीमचाचा."

"त्याला सांगितलं का, चूक तुझी म्हणून?"

"फोनवर... पूर्ण न्हाई सांगितलं."

"मंग जालना रस्त्यातच आहे की." आणि घरात वळून, एसटीत डबल बेल द्यावी तशा आवाजात म्हणाले, "शीतल, चला गं. राजूरला दर्शन घेऊन भोकरदनला जाऊ. यांचं घर बघून येऊ."

आजवर मी कुठलीही परीक्षा पास झाल्यावर नाचलो नव्हतो. तिथंही नाचलो नाही, कारण सगळी आळी बघत होती. पण डिकीत पिशव्या ठेवताना डोकं दोनदा आपटलं आणि दुखलं नाही.

परतीचा रस्ता

घनसावंगी, अंबड, जालना. अंबडला मत्स्योदरी देवीच्या डोंगराखाली थांबलो. पायऱ्या आहेत, पण वयस्कर माणसांनाही जमतात. अण्णांच्या अख्ख्या कुटुंबाला मी उसाचा रस पाजला आणि अण्णांनी पैसे देऊ दिले, ही गोष्ट मी खूप मोठी समजतो.

दोनच्या सुमाराला जालना. रविवार, गल्ली शांत, चाचांचं शटर अर्धं खाली. मी वाकून आत गेलो, मागून अण्णा.

"चाचा, माफ करा. माल अस्सल होता. चूक माझी होती."

चाचांनी चष्मा वर केला. "बेटा, काल तू चार गिऱ्हाइकांसमोर ओरडला. आज बोलतो तर दुकानात कुत्रं न्हाई."

बरोबर होतं. मी शटरखालून बाहेर आलो, समोरच्या चहाच्या टपरीवर सहाजण बसले होते, त्यांना हाक मारली, "ओ दादा, इकडं या, एक मिनिट!" ते आले, कुणाला तरी मारताहेत असं वाटून दोघं पळत आले. त्या सगळ्यांसमोर मी, काल ओरडलो होतो त्याच आवाजात, म्हणालो, "या चाचांचा माल एक नंबर आहे. काल मी डुप्लिकेट म्हणालो, ते मी चुकीचं बोललो. नट मीच सैल ठेवला होता!"

एकजण म्हणाला, "बरं. मंग आम्ही काय करायचं?"

चाचा खोकत खोकत हसत होते. "काही न्हाई, चहा प्या. चहा माझा." मग अण्णांकडं वळून, "हा तुमचा कोण?"

अण्णांनी मला खालून वर न्याहाळलं. "बघून राह्यलोय," ते म्हणाले.

राजूरला गर्दी नव्हती, अर्ध्या तासात दर्शन. सहाच्या आत भोकरदन. आईनं पुरणपोळीचा घाट घातला होता. अण्णांनी आमची दोन खोल्यांची जागा, विहीर, म्हशीचा गोठा, सगळं बघितलं, छताचा पत्रा ठोकून बघितला. जेवल्यावर पप्पांना म्हणाले, "पोराला राग लवकर येतो. पण चूक बी लवकर कबूल करतो. पुढचं आपण मोठ्यांनी बसून बोलू. आमच्याकडं या एकदा." पप्पांनी खाली बघून पाणी प्यायलं. आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं एसटीनं परत गेले. सोडायला येतो म्हणालो तर अण्णा म्हणाले, "पास आहे माझा. वाया का घालवू?"

हा प्रवास कुणाला करायचा असेल तर दोन दिवस पुरतात. साधारण तीनशे किलोमीटर होतात, जेवणाचा खर्च नावापुरता, नातेवाईक असतील तर तोही नाही. रस्ते म्हणाल तर वर लिहिलेच आहेत. कारखान्यात मी परवापासून ट्रॉली असली तरी नट आवळायच्या आधी आत तिरकं आहे का गोल ते बघतो, आणि तिथले लोक मला हसतात. हसू देत.

पण प्रवासातलं मला राहिलं ते हे नाही. अंबडहून जालन्याला येताना, गोलापांगरी मागं पडल्यावर, रस्ता सरळ लागला तेव्हा, अण्णा पुढं माझ्या शेजारी बसले होते. मागं शीतलच्या आईनं तिला हळूच विचारलं. दिवाळीतली गाडी असती तर हे शब्द पुढच्या सीटपर्यंत आलेच नसते, आणि बहुतेक त्या माउलीला गाडीतलं बोलणं पुढं ऐकू जात नाही असंच वाटत असावं.

"खरं सांग, कसा वाटतो तुला?"

 शीतल म्हणाली, "तापट आहे. पण मला तोच पाहिजे."

मी सरळ रस्त्याकडं बघत राहिलो. काही ऐकलंच नाही असं दाखवत अण्णांनी काच वर केली, आणि बाहेरच्या मोसंबीच्या बागा पहिल्यांदाच दिसल्यासारखे बघत बसले.